नंबर द्यायच्या आधी

वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा असतात. पहिला: दुकानदार म्हणतो, मोबाइल नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही. हे खरं का? दुसरा: डीएनडी (जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद) करूनही प्लॉट, कर्ज आणि विम्याचे फोन येतात, ते कसे? तिसरा: वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीच झाला ना, मग तो आपल्याला वापरता का येत नाही?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. केमिस्टकडे दिलेला नंबर, कपड्यांच्या दुकानात दिलेला नंबर आणि जेवण मागवायच्या ॲपमधला नंबर हा एकच असतो. नाव दहा प्रकारांनी लिहिलं जातं, पत्ता बदलतो, पण नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. त्यामुळे तीन वेगळ्या याद्यांतला माणूस एकच आहे, हे ओळखायला नंबर पुरतो. दुकानाच्या साखळीला आपल्या ग्राहकांची यादी जाहिरात-कंपनीच्या यंत्रणेत भरता येते. ती यंत्रणा त्या नंबरांचा आपल्याकडच्या खात्यांशी मेळ घालते आणि सकाळी घेतलेल्या वस्तूच्या जोडीला लागणारी वस्तू रात्री तुमच्या फोनवर दिसते. यासाठी कुणाला तुमचं बोलणं चोरून ऐकावं लागत नाही. तुमच्या बिलांच्या नोंदी पुरेशा असतात.

म्हणून कुठेही माहिती मागितली की आधी एवढंच ठरवा: ही माहिती दिली नाही, तर हा व्यवहार खरोखर अडतो का? पुढचा सगळा लेख याच प्रश्नाची उत्तरं ठिकाणाप्रमाणे देतो.

दुकानाच्या काउंटरवर

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना स्पष्ट सूचना दिली आहे. विक्रीच्या वेळी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नये. तसा आग्रह ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असं विभागाचं म्हणणं आहे. त्यामुळे ‘कॉम्प्युटर पुढे जात नाही’ ही अडचण दुकानाच्या सॉफ्टवेअरची आहे. ती सोडवण्याची जबाबदारी तुमची नाही.

जीएसटीसाठी नंबर लागतो, असंही सांगितलं जातं. तसं नाही. स्वतःचा जीएसटी क्रमांक नसलेल्या ग्राहकाने ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेची खरेदी केली, तर बिलावर त्याचं नाव आणि पत्ता लागतो. मोबाइल नंबर तिथेही लागत नाही. सोन्याच्या मोठ्या खरेदीला पॅन मागितला जातो. ती आयकराची अट आहे, तिथे वाद घालू नका.

औषधाच्या दुकानाचं थोडं वेगळं आहे. काही प्रतिजैविकं आणि क्षयरोगावरची औषधं ‘शेड्युल एच-१’ मध्ये येतात. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करावीच लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण. ही वही तीन वर्षं जपावी लागते. म्हणजे नाव विचारलं तर ते रास्त आहे. नंबर मात्र या यादीत नाही. एखाद्या घरात कुठला आजार आहे, किती दिवसांचा आहे, औषध कधी संपतं, हे सगळं औषधाच्या बिलांवरून कळतं. माझ्या मते नंबर द्यायचा नाही अशा ठिकाणांत केमिस्टचा क्रमांक पहिला लागतो. दहा टक्के सवलतीसाठी हा सौदा करू नका.

प्रत्यक्षात काय बोलायचं?

- ‘नंबर नको, कागदावर बिल द्या,’ एवढंच शांतपणे म्हणा. काउंटरवरच्या मुलाला नंबर गोळा करण्याचं टार्गेट असतं, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. अडलं तर मॅनेजरला बोलवा.
- मनाला येईल तो दहा आकडी नंबर सांगू नका. तो कुणाचा तरी असतो, आणि तुमचं बिल त्या परक्या माणसाच्या फोनवर जातं.
- ओटीपी मागितला तर आकडे सांगण्याआधी पूर्ण मेसेज वाचा. पुष्कळदा तो ‘पॉइंट’साठी नसतो, जाहिरातींना संमती देण्यासाठी असतो.
- घरपोच माल, दुरुस्तीची भेट किंवा बुकिंग असेल तर नंबर लागणारच. तो द्या आणि ‘जाहिरातींसाठी वापरू नये’ असं फॉर्मवर लिहून सही करा.
- मॉलमधले लकी ड्रॉ, घरांच्या प्रदर्शनातली नोंदणी, शाळेबाहेरची ‘मोफत ॲप्टिट्यूड टेस्ट’ हे तर नंबर मिळवण्यासाठीच मांडलेले असतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर क्लासवाल्यांचे फोन सुरू होण्यामागे असे फॉर्म असू शकतात.

यूपीआयने पैसे देताना एक बारीक गोष्ट बघा. अनेक ॲप तुमचा यूपीआय आयडी मोबाइल नंबरावरूनच तयार करतात. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करता येत असेल तर करा आणि रोजच्या खरेदीला तोच वापरा.

डीएनडी केलंय, तरी फोन येतात

डीएनडीची नोंद १९०९ वर फोन करून, तुमच्या टेलिकॉम कंपनीच्या ॲपमधून किंवा टेलिकॉम नियामक ट्रायच्या डीएनडी ॲपमधून होते. ही नोंद असूनही फोन येण्याची कारणं दोन. एक, तुम्ही कुठल्या तरी फॉर्मवर संमतीची खूण केलेली असते आणि त्या कंपनीपुरती ती डीएनडीवर भारी पडते. दोन, फोन करणारा नोंदणीकृत नसतोच, साध्या दहा आकडी नंबरावरून धंदा चालवत असतो.

दुसऱ्या प्रकाराविरुद्ध तक्रार करणं २०२५ पासून सोपं झालं आहे. आता सात दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आधी तीन दिवसांचीच मुदत होती. नोंदणी नसलेल्याविरुद्ध तक्रार करायला तुमची डीएनडी नोंद असण्याचीही गरज नाही. टेलिकॉम कंपनीला पाच दिवसांत कारवाई करायची आहे. फोन आलेला नंबर, तारीख आणि काय विकत होते ते एका ओळीत लिहा, एवढं पुरतं. केवळ नंबर ब्लॉक केला तर तुमचा त्रास थांबतो, पण त्या माणसाचं कनेक्शन चालूच राहतं. त्यामुळे आधी तक्रार करा, मग ब्लॉक करा.

फोन कुणाचा आहे ते आकड्यांवरूनही ओळखता येतं. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे. बँका, विमा कंपन्या अशा संस्थांच्या सेवेसंबंधीच्या फोनसाठी १६०० ची मालिका दिली आहे. व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. ‘तुमचं खातं बंद होणार’ असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला, तर त्यातली लिंक उघडूच नका.

नंबर बदलणाऱ्यांसाठी एक सूचना. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. त्याआधी बँक, आधार, गॅस, डीमॅट आणि ईमेल या सगळ्यांत नवा नंबर नोंदवून घ्या. वयस्कर आईवडिलांचा जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला असेल, तर हे काम आजच करा.

आधारची प्रत मागतात तेव्हा

लॉज, जिम, क्लास, सिमकार्ड, भाडेकरार अशा ठिकाणी आपण आधारची झेरॉक्स सहज काढून देतो. भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना आधारची ओळख मागितली जाते, तिथे इलाज नाही. जिमला मात्र तुमचा बारा आकडी क्रमांक कशाला हवा? २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि टेलिकॉम कंपन्यांसाठी दार पुन्हा उघडलं, पण ते ग्राहकाच्या मर्जीने. दुसरं ओळखपत्र देण्याचा पर्याय तुमच्याकडे राहतो.

- शक्य तिथे वाहनपरवाना किंवा मतदार ओळखपत्र दाखवा. दाखवून भागत असेल तर प्रत देऊ नका.
- आधारच द्यायचं असेल तर ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून ते विनामूल्य उतरवून घेता येतं.
- झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. मग सही करा.
- ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, असा तो ठरलेला असतो. तुम्हाला ओळखणारा कुणीही तो लावू शकतो.
- झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर कागद पाठवला तर काम झाल्यावर फाइल तुमच्यासमोर पुसायला सांगा, चॅटमधूनही आणि ‘डाउनलोड’मधूनही.

आधारशी जोडलेल्या खात्यातून आधार क्रमांक आणि अंगठ्यावर पैसे निघू शकतात. हे टाळायला बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आधारच्या ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर आहे. ती वापरावी असं मी आग्रहाने सांगेन, पण एक अडचण लक्षात ठेवा. लॉक असताना रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेणार नाही आणि पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यालाही अडेल. त्या दिवसापुरतं लॉक काढा. आधारसंबंधी मदतीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

फोनमधली ॲप आणि कर्जाची ॲप

सेटिंगमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ उघडा आणि फक्त तीन ओळी बघा: लोकेशन, कॉन्टॅक्ट, मायक्रोफोन. ज्या ॲपला नकाशा लागत नाही, त्याचं लोकेशन बंद करा. ज्याला लागतो, त्याला ‘ॲप वापरताना फक्त’ हा पर्याय द्या. अँड्रॉइडमध्ये जाहिरातींच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ पुसून टाकता येतो. आयफोनमध्ये ‘ट्रॅकिंग’ या नोंदीखाली ॲपना विचारण्याचीच मनाई करता येते. गुगल खात्यातल्या हालचाली तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांनी आपोआप पुसल्या जाव्यात अशी सोय आहे. तीन महिने निवडा.

कॉन्टॅक्टची परवानगी देताना मात्र थांबा. त्या यादीत तुमची माहिती नसते, इतरांची असते. अनोळखी नंबराचं नाव दाखवणाऱ्या ॲपला पूर्ण यादी दिली, की शेजारच्या काकू, मुलाच्या वर्गशिक्षिका, तुमचे डॉक्टर या सगळ्यांची नावं आणि नंबर त्यांना न विचारता तिथे पोचतात.

याच यादीचा सगळ्यात क्रूर वापर कर्जाच्या ॲपनी केला. हप्ता थकला की नातेवाइकांना, सहकाऱ्यांना बदनामीचे मेसेज गेले. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या एकत्रित निर्देशांत हे बंद केलं आहे. कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट आणि कॉलच्या नोंदी बघायच्या नाहीत. कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच, तुमच्या स्पष्ट संमतीने वापरायचं. म्हणून कॉन्टॅक्ट मागणारं कर्जाचं ॲप म्हणजे नियम मोडणारं ॲप, इतकं हे सरळ आहे. कर्ज घेण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या डिजिटल कर्ज ॲपच्या यादीत त्या ॲपचं नाव आणि मागची बँक किंवा वित्तसंस्था तपासा. धमक्या सुरू झाल्या असतील तर लाज वाटून गप्प बसू नका. १९३० वर सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवा आणि स्क्रीनशॉट पुसू नका.

तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी कर्ज काढलंय का, हे कळायला क्रेडिट रिपोर्ट आहे. देशात असा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा मागवला, तर वर्षभर खर्चाविना लक्ष राहतं. चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर तिथेच बंद करण्याची विनंती करता येते.

सोसायटीचं गेट

मुंबई, ठाणे, पुण्याच्या सोसायट्यांत पाहुण्यांची नोंद आता ॲपवर होते. पाहुण्याचा फोटो आणि नंबर घेतला जातो. धुणीभांड्याला येणाऱ्या मावशींची हजेरी, त्या कुठल्या कुठल्या घरी जातात, कधी कधी त्यांना दिलेले ‘तारे’ही त्यात असतात. सोसायटीला सुरक्षा हवी हे मान्य. पण ॲप निवडताना त्या मावशींना कुणी विचारत नाही, आणि त्यांना नकार देणं परवडत नाही. कमिटीवर तुम्ही असाल, तर वार्षिक सभेत हे चार प्रश्न ठेवा: नोंदी कुणाच्या सर्व्हरवर राहतात? किती दिवसांनी पुसल्या जातात? ॲपची कंपनी रहिवाशांना जाहिराती दाखवते का? काम सोडून गेलेल्या माणसाची नोंद काढली जाते का? उत्तरं करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन कंपनीचा प्रतिनिधी बदलला की संपतं.

नवा कायदा कुठवर आला आहे

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ ची. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. तुमच्या-आमच्या हक्कांची मुख्य कलमं त्या अधिसूचनेनुसार १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंमलात येतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. तेव्हा मिळणारे हक्क हे:

- संमती मागताना कंपनीने कोणती माहिती, कशासाठी, हे साध्या भाषेत सांगायचं. हा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचता आला पाहिजे. त्यात मराठी आहे आणि कोकणीही आहे. मराठीत मागा.
- संमती दिली तितक्याच सोपेपणाने ती मागे घेता आली पाहिजे.
- आपली कोणती माहिती आहे आणि कुणाला दिली हे विचारणं, ती दुरुस्त करून घेणं, पुसायला लावणं.
- आपल्या पश्चात किंवा अक्षम झाल्यास हे हक्क कुणी वापरायचे, त्याचं नाव नेमणं.
- १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यावर बंदी असेल.

कायद्याच्या मजकुरातच एक उपयोगी उदाहरण आहे. डॉक्टरी सल्ल्याचं ॲप कॉन्टॅक्ट यादीही मागतं आणि ग्राहक दोन्हींना होकार देतो. कायदा म्हणतो, सल्ल्यासाठी यादी लागत नाही, म्हणून संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरली जाईल. तुम्ही घाईत ‘मान्य’ दाबलं तरी अनावश्यक माहितीवर कंपनीचा हक्क तयार होत नाही, एवढा याचा अर्थ.

एक उणीव उघडपणे सांगायला हवी. कंपनीला सुरक्षेतल्या हलगर्जीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. नुकसान झालेल्या ग्राहकाला या कायद्यात भरपाई नाही. उलट माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाई देणारं ४३-अ हे कलम याच वेळी वगळलं जाणार आहे. ज्यांचं आजच नुकसान झालं आहे, त्यांनी मे २०२७ ची वाट बघू नये. तोवर ४३-अ खाली राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांकडे दाद मागता येते.

आज हातात काय आहे

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणं, ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि भरपाई मागता येते. कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. खरेदी पाच लाख रुपयांपर्यंतची असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. अडचण खरी येते ती पुराव्याची: नंबर याच दुकानाने पुढे दिला, हे दाखवणं अवघड असतं. म्हणून बिलं, संमतीचे मेसेज आणि फोनच्या तारखा एकत्र ठेवा. फोन करणाऱ्याला ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ असं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

पहिलं पाऊल कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. मजकूर असा चालेल:

*‘माझा मोबाइल क्रमांक ____ मी ____ तारखेला आपल्या ____ शाखेत फक्त बिलासाठी दिला होता. जाहिरातींसाठी त्याचा वापर करण्यास माझी संमती नाही. आधी दिली असल्यास ती मी मागे घेत आहे. माझ्याबद्दल आपल्याकडे कोणती माहिती आहे आणि ती कोणकोणत्या संस्थांना दिली, हे लेखी कळवावे. कायद्याने जपणे आवश्यक असलेल्या नोंदी वगळून बाकीची माहिती काढून टाकावी आणि तसे १५ दिवसांत कळवावे.’*

सोबत बिलाचा फोटो जोडा. आधारची प्रत जोडू नका. ओळख पटवायला बिल क्रमांक आणि नोंदलेला ईमेल पुरतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर हाच ईमेल १९१५ च्या तक्रारीला जोडायचा.